प्रस्तावना : चौथं पाकीट

टेबलावर तीन पाकिटं होती. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात मी तेव्हा नवा होतो. भरलेले ड्रम भिवंडीच्या गोदामापर्यंत न्यायचे होते, त्यासाठी टेम्पोवाल्यांकडून कोटेशनं मागवली होती. नियम साधा. किमान तीन कोटेशनं घ्यायची आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यायचं. तीन लेटरहेड, तीन शिक्के, तीन सह्या. दरही तीन वेगवेगळे. पण तिन्ही कागदांवर चिल्हार फाट्याचा 'चिल्लर फाटा' झाला होता. तिन्ही पत्रं एकाच टायपिंगवाल्याकडे तयार झाली, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. सर्वांत कमी दर देणाऱ्याला मी विचारलं. तो मोकळेपणानं हसला. "साहेब, या महिन्यात माझा नंबर, पुढच्या महिन्यात त्याचा. धंदा असाच चालतो."

दोन दिवसांनी चौथं पाकीट आलं. मनोरकडचा एक पोरगा, एकच टेम्पो, तोही कर्जावर घेतलेला. त्याचा दर तिघांपेक्षा बराच खाली होता. तिसऱ्या दिवशी तोच पोरगा गेटवर येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझं कोटेशन परत द्या." का, ते त्यानं सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. फाइल वर गेली, सही होऊन खाली आली. ऑडिटला तीन कोटेशनं हवी असतात. तीन होती.

या प्रकाराला आमच्याकडे 'रिंग' म्हणतात. टेंडर 'मॅनेज' झालं, असंही म्हणतात. शब्द आहेत, पण त्यांत राग नाही. पावसाळ्यात लोकल उशिरा येते म्हणावं तसे ते सहज तोंडी येतात. स्पर्धा कायद्यावरच्या लेखांच्या या संग्रहाला प्रस्तावना लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी म्हटलं, मी वकील नाही, पाकिटं फोडणारा माणूस. ते म्हणाले, म्हणूनच. हा कायदा दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाचा, मुंबईतल्या मोठ्या वकिलांचा आणि हजारो कोटींच्या दंडांचा, अशी आपली समजूत असते. तो बोईसरच्या गेटवरही लागू आहे, हे सांगायला गेटवर बसलेलाच माणूस हवा होता.

वाचकानं आधी हे गेट पाहावं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पण बोईसरचं औद्योगिक आयुष्य त्याहून पन्नासेक वर्षांनी जुनं. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये वीज देऊ लागली. शेजारी एमआयडीसी वाढली. आज या वसाहतीत हजारावर कारखाने आहेत: औषधांची मूळ द्रव्यं, रंग, रसायनं, पोलाद, कापड. मोठ्या नावांच्या भिंतीला भिंत लावून दहा-पंधरा कामगारांची युनिटं उभी आहेत. प्रत्येक कारखान्याला तोच रस्ता, सूर्या नदीचं तेच पाणी, तेच सामाईक सांडपाणी केंद्र, आणि माल चढवायला-उतरवायला, भंगार उचलायला, कामगार पुरवायला तीच ठरावीक माणसं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला बाजार इथे नाही. इथला बाजार चार नाक्यांत मावतो, आणि त्या नाक्यांवर सगळे सगळ्यांना ओळखतात. जिथे सगळे ओळखीचे, तिथे एकी लवकर जमते आणि संगनमतही. दोन्हींचं बी एकच असल्यामुळे ओळखायला घोळ होतो.

हा घोळ आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कंटकशोधन' नावाचं अधिकरण आहे. राज्यातले काटे वेचून काढायचं प्रकरण. व्यापारी एकत्र येऊन माल अडवून धरत असतील आणि गैरवाजवी किमतीनं विकत वा घेत असतील, तर तिथे हजार पणांचा दंड सांगितला आहे. कारागिरांनी एकजूट करून कामाचा दर्जा पाडला किंवा खरेदी-विक्रीत खोडा घातला, तरी तेवढाच दंड. मूळ शब्द आहे 'संभूय', म्हणजे एकत्र येऊन. गंमत अशी, की त्याच ग्रंथात आधीच्या अधिकरणात 'संभूयसमुत्थान' हा विषय आहे. चारजणांनी मिळून काम उचलायचं आणि मिळकत वाटून घ्यायची, त्याचे रीतसर नियम तिथे आहेत. शब्द तोच, एका ठिकाणी भागीदारी, दुसऱ्या ठिकाणी गुन्हा. पुढच्या दोन हजार वर्षांतला सगळा वाद या दोन प्रकरणांमधल्या जागेत मावतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

इंग्रजांनी १८७२ चा करार कायदा आणला. व्यापाराला आडकाठी करणारा करार त्याच्या कलम २७ नं रद्दबातल ठरवला. पण रद्दबातल म्हणजे एवढंच, की कोर्ट तो करार पाळायला लावणार नाही. तो पाळणाऱ्यांना कोणी विचारणार नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातीही काही पडणार नाही. अमेरिकेनं १८९० मध्ये शर्मन कायदा करून पुढचं पाऊल टाकलं: संगनमत हा गुन्हा ठरवला. १९११ मध्ये याच कायद्याखाली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. युरोपनं १९५७ च्या रोम करारात स्पर्धेची कलमं घातली. देशादेशांतल्या सीमा उठवल्यावर कंपन्यांनी त्या खाजगीत पुन्हा आखू नयेत, ही त्यामागची काळजी होती.

आपल्या जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध काय? १९४५-४७ चा वारल्यांचा लढा आठवावा. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात डोंगरावरचं गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पाठवलं जायचं. कापणाऱ्या वारल्याला मजुरी किती, ते सावकार, जमीनदार आणि ठेकेदार ठरवायचे, आणि तो दर सगळीकडे सारखाच असायचा. एका मालकाकडून उठून दुसऱ्याकडे गेलं तरी फरक पडत नसे. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत, अशी किसान सभेची मागणी होती. गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची कहाणी म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. स्पर्धा कायद्याचा चष्मा लावून वाचलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: खरेदीदारांचं संगनमत. विकणारे भाव वाढवायला एकत्र येतात, तसे विकत घेणारे भाव पाडायला एकत्र येतात. आणि जंगलात श्रम हाच विकायचा माल होता. मालकांचं मजुरीवर अबोल संगनमत कायम चालू असतं, असं ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्या संगनमताला वारल्यांनी उत्तर दिलं ते एकीनं, संपानं. दोन्ही बाजू एकत्र आल्या होत्या. पण एका बाजूच्या एकत्र येण्यानं दुसऱ्या बाजूची सगळी दारं बंद होत होती.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या कायद्याला मात्र पहिली चिंता संगनमताची नव्हती, आकाराची होती. नियोजनाचे लाभ मोजक्या घराण्यांच्या हाती जात आहेत, हे महालनोबिस समितीनं, १९६५ च्या मक्तेदारी चौकशी आयोगानं आणि हजारी अहवालानं दाखवलं. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा आला. लोक त्याला 'एमआरटीपी' म्हणत. तारापूरची भट्टी सुरू झाली त्याच वर्षातली ही गोष्ट, आणि दोन्हींमागे एकच विश्वास होता: मोठं ते सरकारच्या हाती किंवा सरकारच्या नजरेखाली असावं. ठरावीक मालमत्तेच्या वर गेलेल्या उद्योगानं विस्तारासाठी परवानगी घ्यायची. सुरुवातीला ही मर्यादा २० कोटींची होती, १९८५ मध्ये ती १०० कोटी झाली, आणि १९९१ मध्ये ही परवानगीची तरतूदच गेली. परवाना राज्यात तर गंमत उलटी होती: ज्याच्या हाती परवाना, त्याला स्पर्धकापासून सरकारच संरक्षण देत असे.

अर्थव्यवस्थेची दारं उघडल्यावर नवा कायदा लागला. राघवन समितीनं २००० मध्ये अहवाल दिला आणि स्पर्धा कायदा २००२ झाला. २००३ मध्ये आयोग स्थापन झाला, पण त्याच्या अध्यक्षपदी न्यायाधीश की प्रशासक, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ च्या दुरुस्तीनंतर २० मे २००९ पासून संगनमत आणि प्रभुत्वाचा गैरवापर यांवरची कलमं अमलात आली. विलीनीकरणाची १ जून २०११ पासून. जुना कायदा विचारायचा, तुम्ही किती मोठे? नवा विचारतो, तुम्ही वागता कसे?

या एका प्रश्नावर जगभर जी घराणी पडली आहेत, त्यांची तोंडओळख करून घेतली की पुढचे लेख सोपे जातील. पहिलं घराणं हार्वर्डचं. बाजारात मोजकेच खेळाडू असतील तर वागणूक बिघडणारच, म्हणून रचनेवरच नजर ठेवा, हा त्याचा विचार. आपला १९६९ चा कायदा याच काळाचं बाळ. दुसरं घराणं शिकागोचं. रॉबर्ट बोर्क यांचं १९७८ चं पुस्तक त्याचा जाहीरनामा. मोठेपणा हा कार्यक्षमतेचा परिणाम असू शकतो, ग्राहकाला स्वस्तात मिळत असेल तर कायद्यानं हात आखडता घ्यावा, असं ते म्हणतं. तिसरं जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं: खाजगी सत्ता ही सरकारी सत्तेइतकीच धोक्याची, म्हणून स्पर्धेची चौकट राज्यानं राखायची, खेळ मात्र स्वतः खेळायचा नाही. युरोपच्या कायद्यावर त्याची छाया आहे. चौथं अलीकडचं, लीना खान यांच्या २०१७ च्या निबंधानं गाजलेलं. किंमत कमी असणं पुरेसं नाही; ज्याच्या मंचावर सगळ्यांना दुकान मांडावं लागतं, त्याची सत्ताही मोजा, असं त्याचं म्हणणं. आपला कायदा यांतल्या कोणा एकाचा शिष्य नाही. कलम १९ मध्ये आयोगाला सहा गोष्टी तोलायला सांगितल्या आहेत. तीन अपायाच्या: नव्यांना अडथळा, असलेल्यांची हकालपट्टी, बाजाराची नाकाबंदी. तीन उपायाच्या: ग्राहकाचा लाभ, उत्पादन-वितरणात सुधारणा, तांत्रिक प्रगती. वाचकानं ही यादी लक्षात ठेवावी. अपायाच्या तिन्ही कसोट्या माझ्या चौथ्या पाकिटाबद्दलच बोलतात.

कायद्याचा सांगाडा चार भागांचा. पहिला, एकाच धंद्यातल्या स्पर्धकांनी आपसांत भाव ठरवणं, पुरवठा आवळणं, गिऱ्हाइकं वा इलाखे वाटून घेणं आणि निविदेत रिंग करणं. यांत अपाय झाला असं कायदा गृहीतच धरतो. झाला नाही, हे आरोपीनं दाखवायचं. दुसरा, कंपनी आणि तिचा विक्रेता अशा वरखालच्या साखळीतली बंधनं: हे घ्यायचं तर तेही घ्या, दुसऱ्याचा माल ठेवू नका, या किमतीखाली विकू नका. २०२१ मध्ये मारुतीला डीलरांच्या सवलतींवर बंधनं घातल्याबद्दल २०० कोटींचा दंड झाला तो यातलाच. तिसरा भाग प्रभुत्वाच्या गैरवापराचा; मोठं असण्याचा नव्हे. चौथा विलीनीकरणांचा.

तिसऱ्या भागाचं महाराष्ट्रातलं ठसठशीत उदाहरण सरकारी आहे. राज्याच्या महानिर्मिती कंपनीनं कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांविरुद्ध आयोगाकडे धाव घेतली. कोळशाच्या कराराच्या अटी एकतर्फी, आणि दर्जाचा वाद आला की दाद लागत नाही, अशी तक्रार होती. २०१३ मध्ये आयोगानं १,७७३ कोटींचा दंड लावला. अपिलानंतरच्या फेरसुनावणीत, २०१७ मध्ये, तो ५९१ कोटींवर आला. आम्ही राष्ट्रीयीकृत, लोकहितासाठी चालतो, आम्हाला हा कायदा लागूच नाही, हा कोल इंडियाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये फेटाळला. राज्याच्या एका कंपनीला केंद्राच्या कंपनीविरुद्ध दाद मागायला हाच दरवाजा सापडला, हे छोट्या कारखानदारानं ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

पण आमच्या नाक्यांवर खरा प्रश्न पहिल्या भागाचा, आणि तिथे पुरावा हीच मेख असते. दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. धान्याच्या गोदामांत कीड मारायला अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागतात. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा एकच दर भरला. तिघांचे खर्च वेगळे, नफे वेगळे. दर मात्र रुपयाचाही फरक नसलेला. संगनमताचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कायम ठेवला. दुसरा निकाल २०१८ चा, गॅस सिलिंडर बनवणाऱ्या चाळीसहून अधिक कंपन्यांचा. तिथेही दर सारखे, आणि बोलीआधी काहीजण मुंबईतल्या एका हॉटेलात भेटलेही होते. तरीही न्यायालयानं त्यांना सोडलं. गिऱ्हाईक मुख्यतः तेल कंपन्याच, सगळा भाव जवळपास तेच ठरवतात, मग दर सारखे आले यात नवल काय, असा विचार त्यामागे होता. धडा असा, की सारखा दर हा धूर आहे. खाली आग आहे की चूल पेटली आहे, ते बघावं लागतं.

पुण्याची गोष्ट याहून घरगुती. महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या २०१४-१५ मधल्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंच या संस्थेनं आयोगाला कळवलं. चौकशीत नावापुरत्या बोली भरायला उभ्या केलेल्या कंपन्या सापडल्या, आणि २०१८ मध्ये आयोगानं दंड केले. सामील असलेल्यांपैकी काहींनी स्वतःहून येऊन माहिती दिली, तेव्हा त्यांना सवलत मिळाली. ही सवलत कायद्यातली मोठी युक्ती आहे: रिंगमधला जो पहिल्यांदा तोंड उघडेल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो, दुसऱ्याचा निम्म्यापर्यंत, तिसऱ्याचा ३० टक्क्यांपर्यंत. चोरांच्या एकीत फूट पाडायचा हा राजमार्ग. आणखी एक बारकावा इथेच सांगतो. कायद्यात आधी 'तक्रार' हा शब्द होता. २००७ च्या दुरुस्तीनं त्याची 'माहिती' केली. तुमचं स्वतःचं नुकसान झालं असलंच पाहिजे असं नाही, कोणीही माहिती देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मंचानं काही पुण्याचा कचरा उचलायची निविदा भरली नव्हती.

आता मूळ गाठ. एकी आणि संगनमत यांत फरक कसा करायचा? सातपाटीला जा. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था पापलेट वजनानुसार प्रतवारी करून घेतात आणि व्यापाऱ्यांशी एकत्र भाव ठरवतात. एकेकटा नाखवा बर्फ संपायच्या आत माल विकायला बसला, तर व्यापारी म्हणेल तो भाव. अमेरिकेनं १९२२ मध्येच शेतकऱ्यांच्या सहकारी संघांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, त्यामागे हेच कारण. आपल्या कायद्यात सहकाराला अशी सरसकट सूट नाही. पण उपायाच्या कसोट्या तिथे बोलतात. बर्फ, साठवण, प्रतवारी, वाहतूक यांत भर पडते, आणि संस्थेचं सभासद न होता वेगळं विकणाऱ्याला कोणी किनाऱ्यावर अडवत नाही, तोवर ती एकी.

आता गोळ्या-औषधांकडे या. बोईसरात बनणाऱ्या औषधी द्रव्यांचा शेवटचा पल्ला औषध दुकानापर्यंतचा असतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी अनेक वर्षं असा रिवाज ठेवला होता, की कंपनीनं नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी संघटनेचं 'ना हरकत' पत्र आणायचं. घाऊक-किरकोळ विक्रेत्यांचे नफ्याचे टक्केही संघटनाच ठरवायची. गोव्याच्या संघटनेला २०१२ मध्ये २ लाखांचा, तर अखिल भारतीय संघटनेला २०१३ मध्ये ४७ लाखांवर दंड झाला. दुकानदारांनी संघटना करण्यात गैर काहीच नव्हतं. कर, परवाने, कंपन्यांची दांडगाई, यांसाठी संघटना हवीच. गैर होतं ते एकच पत्र, कारण त्या पत्रानं चौथ्याचं पाकीट परत जात होतं. बंगालमध्ये हिंदीतून डब केलेल्या 'महाभारत' मालिकेचं प्रक्षेपण कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांनी रोखायचा प्रयत्न केला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हाच धागा धरला. पोट भरायच्या हक्काची भाषा खरी असली, तरी दुसऱ्याचा माल बाजारातच येऊ न देणं हे संघटनेचं काम नव्हे.

म्हणून मला जमलेली व्याख्या अशी: एकत्र येऊन आपली ताकद वाढवणं ही एकी, एकत्र येऊन तिसऱ्याची वाट बंद करणं हे संगनमत. सीमारेषेवरची प्रकरणं राहतीलच, आणि या संग्रहातले लेखक त्यांवर एकमेकांशी भांडलेही आहेत. स्थानिकांना काम मिळावं, ही आमच्याकडची मागणी घ्या. जमीन गेली, पाणी बिघडलं, समुद्रात सांडपाणी गेलं. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या पोरांनी टेम्पो घेतले तर कारखान्यानं त्यांना आधी विचारावं, हे न्याय्यच. पण 'स्थानिक' या शब्दाआड चारच घरं उभी राहिली आणि मनोरचा पोरगाही परका ठरला, की त्या शब्दाचा अर्थ बदलतो.

कायद्याच्या मर्यादाही आधीच सांगाव्यात. आयोग भाव ठरवून देत नाही. महाग आहे म्हणून कोणी दोषी नसतो. गेटवर धमकी दिली, गाडी अडवली, तर ते पोलिसांचं काम. खटले लांबतात: सिमेंट कंपन्यांवर २०१२ मध्ये ६,३०० कोटींवरचा दंड झाला, त्याची अपिलं वर्षानुवर्षं चालली. दंड किती असावा याचाही झुलता पूल आहे. कीड मारायच्या गोळ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्या मालात संगनमत झालं त्याच्याच उलाढालीवर दंड आकारा. २०२३ च्या दुरुस्तीनं उलाढाल म्हणजे जगभरची एकूण उलाढाल अशी व्याख्या केली, आणि २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हिशेबाची सुरुवात संबंधित मालापासून, छत मात्र एकूण उलाढालीच्या १० टक्क्यांचं, अशी सांगड घातली. २०२३ च्याच दुरुस्तीनं माहिती देण्याला तीन वर्षांची मुदत घातली, आणि स्वतः त्या धंद्यात नसूनही संगनमत जुळवून देणाऱ्याला त्यात ओढलं. तिघांची पाकिटं एकाच हातानं तयार करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. छोट्यांबद्दल आयोग अगदीच कठोर आहे असंही नाही. रेल्वेच्या ब्रेक ब्लॉकच्या निविदांत २०२० मध्ये संगनमत सिद्ध होऊनही, युनिटं लहान आणि काळ करोनाचा म्हणून, त्यानं दंड न करता ताकीद दिली. पण ताकीद दुसऱ्यांदा मिळेल, या भरवशावर राहू नये.

हे पुस्तक आत्ताच का? कारण पालघर जिल्ह्यात इतके मोठे ठेके एकाच वेळी क्वचितच आले असतील. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. अंदाजित खर्च ७६,००० कोटींच्या वर. बंदर व्हावं की नाही, यावर किनाऱ्यावरच्या गावांचा विरोध आहे, आणि तो वाद इथे मिटवायचा नाही. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला होतं आहे, मुंबई–वडोदरा महामार्ग जिल्ह्यातून जातो आहे. दगड, भराव, सिमेंट, डंपर, कामगार, जेवणाचे डबे, सगळ्यांची कोटेशनं निघतील. दुसरीकडे भाव आता टायपिंगवाल्याकडे ठरत नाहीत. ते ॲप ठरवतं. अँड्रॉइडच्या खटल्यात गूगलला २०२२ मध्ये १,३३७ कोटींचा दंड झाला, आणि डिजिटल बाजारासाठी वेगळ्या विधेयकाचा मसुदा २०२४ मध्ये चर्चेला आला. नाक्यावरची रिंग डोळ्यांना दिसते तरी. संगणकातली दिसायचीही नाही.

या संग्रहाचा हेतू मर्यादित आहे. तो वकिलांसाठी भाष्यग्रंथ नाही. छोटा कारखानदार, खरेदी खात्यातला कारकून, चार्टर्ड अकाउंटंट, नगरपरिषदेचा सदस्य, व्यापारी संघटनेचा चिटणीस आणि कायद्याचा विद्यार्थी, एवढे वाचक समोर धरले आहेत. संघटनेच्या बैठकीत काय बोलावं आणि कुठला विषय निघाला की उठून जावं. निविदा कशी काढली म्हणजे रिंग जमायला अवघड जाईल. माहिती द्यायची तर कागद कुठले जपायचे, असे हाताला लागणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कायद्याची भाषा इंग्रजी असल्यानं शब्दांचीही ओढाताण झाली. संपादकांनी जिथे आपला शब्द होता तिथे तो ठेवला: रिंग, संगनमत, अडवणूक. जिथे नव्हता तिथे ओढूनताणून घडवला नाही.

पुस्तक छापून झालं की एक प्रत मी मनोरला घेऊन जाणार आहे. त्या पोराचं नाव माझ्या लक्षात नाही. तेव्हा मी ते फाइलवर लिहिलंच नव्हतं. नाक्यावर टेम्पो उभे असतात, तिथे विचारीन.